बर्डीच्या वाटेवरची थडगी, वेशी आणि रस्ते
#थ्रेड #नागपूर #सीताबर्डी

१/
नागपुरात कुणाला ‘शहराचे मध्य कुठे?’ असे विचारले, तर उत्तर बहुधा ‘बर्डी’ असेच येते. खरेदीची बर्डी, मेट्रोची बर्डी, टेकडी गणपतीची बर्डी. पण याच एका मैलाच्या परिघात गेल्या दोनशे वर्षांतील थडगी, शहराच्या वेशी आणि इतिहास घडलेले रस्ते एकमेकांत गुंतलेले आहेत. आज या गुंत्याविषयी. थ्रेड मोठा आहे; सवडीने वाचावा.

२/
प्रथम भूगोल. सीताबर्डी म्हणजे एक मोठी आणि एक लहान अशा दोन टेकड्या व त्यांच्यामधली खिंड. पूर्वेला जुने शहर, म्हणजे महाल, शुक्रवारी, इतवारी. पश्चिमेला इंग्रजांनी वसवलेली सिव्हिल लाइन्स. नावाची उत्पत्ती सांगताना शीतलाप्रसाद आणि बद्रीप्रसाद या दोन गवळी बंधूंची कथा सांगितली जाते. ‘शीतलाबद्री’चे इंग्रजी उच्चारात ‘सीताबल्डी’ झाले, असे ती परंपरा मानते. कथा खरी असो वा नसो, एक गोष्ट निश्चित: ही टेकडी दोन नागपुरांच्या मधोमध उभी आहे. सीताबर्डी स्वतःच एक वेस आहे.

३/
थडग्यांपासून आरंभ करू, आणि तोही फार मागून. नागपूरच्या परिसरातील सर्वांत जुनी स्मशाने ना गोंडांची, ना भोसल्यांची, ना इंग्रजांची. ती आहेत लोहयुगातील. काटोल मार्गावरील जुनापाणी, तसेच माहूरझरी, टाकळघाट आणि खापा येथे मोठमोठ्या दगडांची वर्तुळे आहेत. प्रत्येक वर्तुळ म्हणजे एक दफनस्थान. आत मृतांसोबत लोखंडी अवजारे, मातीची भांडी आणि घोड्यांचे साज ठेवलेले सापडले. नागपूर विद्यापीठाच्या वतीने डॉ. शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा येथे केलेल्या उत्खननाचा अहवाल १९७० साली प्रसिद्ध झाला. विदर्भाच्या पुरातत्त्वात ते काम आजही पायाभूत मानले जाते.

४/
या शिळावर्तुळांकडे विद्वानांचे लक्ष प्रथम वेधणाऱ्यांत एक नाव ठळक आहे: स्टीफन हिस्लॉप. धर्माने मिशनरी, वृत्तीने भूगर्भशास्त्रज्ञ. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची वर्तुळे पाहून परतत असताना पूर आलेल्या ओढ्यात घोड्यासह सापडून ते बुडाले. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांची थडगी समजून घेणारा हा मनुष्य त्याच कामाच्या वाटेवर गेला. त्यांची आदिवासी जमातींवरील अप्रकाशित टिपणे पुढे मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली संपादित करून छापली. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे, हे तेथे शिकलेल्या अनेकांना ठाऊक असते. ते का व कसे गेले, हे मात्र थोड्यांना.

५/
आता वेशींकडे वळू. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या आरंभी बारा लहान वस्त्या एकत्र करून नागपूर वसवले. त्याचा वारस चांद सुलतान याने येथे राजधानी आणली, शहराला तट घातला आणि पश्चिमेला तलाव बांधला. तोच जुम्मा तलाव, आजचा गांधीसागर. त्या बाजूने शहरात शिरण्याचे द्वार म्हणजे जुम्मा दरवाजा, आजचे ‘गांधीगेट’. तट काळाच्या ओघात नाहीसा झाला. दरवाजा राहिला; पण तटाविना उरलेला दरवाजा पाहणाऱ्याला ‘हे येथे कशासाठी?’ असा प्रश्न पडतो. कारण ज्याच्यामुळे दाराला अर्थ होता, ते कुंपणच गेले.

६/
१७४३ पासून नागपूर रघूजी भोसले यांच्या ताब्यात आले आणि पुढे बंगालपर्यंत दरारा असलेल्या एका मराठी राज्याची ही राजधानी झाली. काळ्या दगडाचा, लाकडी कोरीव कामाने नटलेला भोसल्यांचा वाडा १८६४ च्या आगीत भस्मसात झाला. उरले ते त्याचे भव्य प्रवेशद्वार. राजघराण्याच्या समाध्या शहराच्या दक्षिणेकडील शुक्रवारी भागात आहेत. म्हणजे राज्यकर्त्यांचे घर गेले, त्यांचे दार आणि त्यांची दहनभूमी राहिली. शहरांच्या इतिहासात हे वारंवार घडते. घर नव्या मालकाला हवे असते. दार रहदारीला उपयोगी पडते. आणि स्मशानाला हात लावायला माणूस कचरतो.

७/
सीताबर्डीच्या टेकड्या इतिहासात ठळकपणे येतात त्या १८१७ साली. ५ नोव्हेंबरला पुण्याजवळ खडकीची लढाई झाली होती. २४ नोव्हेंबरला अप्पासाहेब भोसले यांनी भर दरबारात पेशवे दुसरे बाजीराव यांनी पाठवलेली वस्त्रे व सेनापतिपदाचा मान स्वीकारला. ब्रिटिश रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स याने त्या समारंभास जाण्याचे नाकारले. पेशव्यांशी युद्ध सुरू असताना त्यांची वस्त्रे घेणे म्हणजे काय, हे दोन्ही बाजूंना पुरते उमगले होते.

८/
जेन्किन्सची रेसिडेन्सी टेकड्यांच्या पश्चिम पायथ्याशी होती. तेलंगखेडीच्या छावणीतील फौज २५ तारखेला तातडीने बोलावून टेकड्यांवर बसवण्यात आली. कंपनीचे बळ सुमारे चौदाशे, प्रामुख्याने मद्रासचे शिपाई आणि बंगाल घोडदळाच्या तीन तुकड्या. समोर भोसल्यांची त्याहून कितीतरी पटींनी मोठी सेना, आणि तिच्यात लढाईत निष्णात मानले जाणारे अरब. २६ च्या संध्याकाळी गोळीबार सुरू झाला आणि तो रात्रभर चालला.

९/
२७ च्या सकाळी अरबांनी लहान टेकडी जिंकली. तेथून मोठ्या टेकडीवर मारा करणे सोपे होते. कंपनीच्या फौजेची अवस्था बिकट झाली. अशा वेळी कॅप्टन फिट्झगेराल्ड याच्या घोडदळाने पायथ्याच्या मैदानावर केलेला हल्ला आणि लहान टेकडीवर दारूगोळ्याचा झालेला स्फोट, या दोन घटनांनी पारडे फिरले. शिपायांनी टेकडी परत घेतली आणि दुपारपर्यंत लढाई संपली. कंपनीची साडेतीनशेहून अधिक माणसे मेली वा जखमी झाली. म्हणजे दर चार माणसांमागे एक. मृतांत रेसिडेंटचा पहिला साहाय्यक जॉर्ज सॉथबी हाही होता.

१०/
येथे वेस पुन्हा कथेत येते. १६ डिसेंबरला अप्पासाहेब स्वतः इंग्रजांच्या छावणीत आले, पण शहरातील अरबांनी शस्त्रे ठेवण्यास नकार दिला. जनरल डव्हटन याने शहराला वेढा घातला आणि २४ डिसेंबरला जुम्मा दरवाजावर हल्ला चढवला. तो फसला. शेवटी तहाच्या अटी ठरल्या आणि वर्ष संपता संपता अरब शहराबाहेर पडले. आज गांधीगेटखालून ऑटो वळवणाऱ्या नागपूरकराला कुणी सांगावे, की सीताबर्डीवर जिंकलेली कंपनी या दारापाशी एकदा अडली होती!

११/
१८१८ च्या जानेवारीत झालेल्या करारान्वये सीताबर्डीच्या टेकड्या तटबंदीसाठी कंपनीला मिळाल्या आणि तेथे किल्ला उभा राहिला. म्हणजे हा किल्ला लढाईच्या वेळी नव्हताच. तो लढाईनंतरचा आहे. भोसल्यांच्या राजधानीवर वरून नजर ठेवणारा, तोफांची तोंडे शहराकडे असलेला किल्ला. त्याच्याच आवारात १८१७ च्या लढाईत पडलेल्यांच्या कबरी आहेत. विजेत्यांनी आपले मृत रणभूमीवर पुरले आणि त्यांच्याभोवती तट बांधला. येथे स्मशान आणि किल्ला एकाच वेळी जन्मले, असे म्हणण्यास हरकत नाही.

१२/
आता एक प्रसंग जो सीताबर्डीला थेट दक्षिणेशी जोडतो. लढणाऱ्या मद्रासी पलटणींपैकी एक होती २४ वी रेजिमेंट. तिचा मूळ क्रमांक पहिला. १० जुलै १८०६ रोजी वेल्लोर येथे शिपायांनी बंड केले; त्या किल्ल्यात टिपू सुलतानाचे पुत्र नजरकैदेत होते आणि बंडवाल्यांनी म्हैसूरचा ध्वज उभारला होता. त्या बंडात सामील झाल्याच्या ठपक्यावरून या पलटणीचा क्रमांक काढून घेण्यात आला. सीताबर्डीच्या विजयानंतर शिपायांनी बक्षीस काय मागितले? आपला जुना क्रमांक. तो त्यांना परत मिळाला.

१३/
चाळीस वर्षे पुढे या. १८५७. १३ जूनच्या रात्री नागपुरातील टाकळीच्या घोडदळाचा उठाव ठरला होता. तो फसला आणि पुढाऱ्यांना फाशी झाली. नागपूरच्या परंपरेनुसार त्याच वर्षी नवाब कादर अली आणि त्यांचे आठ साथीदार यांना सीताबर्डीच्या तटावर फासावर चढवले गेले, आणि हे कादर अली टिपू सुलतानाचे नातू होते. किल्ल्यातील ‘नवगज अली बाबा’ या नावाने ओळखली जाणारी लांबलचक कबर त्या नऊ जणांची मानली जाते.

१४/
दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. टिपूच्या पुत्रांसाठी झालेल्या बंडाचा डाग एका पलटणीने या टेकडीवर धुऊन काढला. आणि ज्यांना टिपूचा नातू मानले जाते, त्यांची कबर त्याच टेकडीवर आहे. विजेत्यांची थडगी आणि फाशी गेलेल्यांचे थडगे, एकाच तटाच्या आत. नागपुरात याहून अधिक अर्थगर्भ आवार मला तरी माहीत नाही.

१५/
पण या आवारात पोहोचायचे कसे? किल्ला सैन्याच्या ताब्यात आहे. सर्वसामान्यांना तो २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट, अशा तीनच दिवशी खुला असतो. याचे दोन परिणाम झाले. एक, अतिक्रमण नाही, कबरींवर दुकाने उभी राहिली नाहीत, दगड चोरीला गेले नाहीत. दुसरा, बर्डीच्या बाजारात रोज येणाऱ्या हजारो लोकांना डोक्यावरच्या टेकडीत काय आहे याची कल्पनाच नाही. बंद दारामुळे जागा जपली गेली आणि स्मृती मात्र विरली. जतन म्हणजे नेमके कशाचे, हा प्रश्न येथूनच उभा राहतो.

१६/
उघड्यावर राहिलेल्या कबरीचे काय होते, त्याचेही उदाहरण दूर नाही. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा जनक विल्यम लॅम्बटन हैदराबादहून नागपूरकडे येत असता २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे मरण पावला व तेथेच पुरला गेला. दक्षिण टोकापासून वर सरकत आलेली मोजणीची ती अजस्र रेषा ज्याने आखायला घेतली, त्याची कबर वर्धा जिल्ह्यात आहे. त्याचा उत्तराधिकारी एव्हरेस्ट याचे नाव जगातील सर्वोच्च शिखराला मिळाले. लॅम्बटनची कबर मात्र हिंगणघाटातील किती जणांना दाखवता येईल?

१७/
त्याच सर्वेक्षणाची खूण सीताबर्डीच्या पायथ्याशी आहे: झिरो माईल. वाळूच्या दगडाचा स्तंभ, चार घोडे आणि १९०७ साल कोरलेला सर्वेक्षणाचा प्रमाण-दगड. त्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची, १०२०.१७१ फूट, नोंदलेली आहे. शेजारी हैदराबाद, चांदा, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल यांची अंतरे. हा भारताचा केंद्रबिंदू असल्याचे शाळेपासून सांगितले जाते. दगड स्वतः तसे काही म्हणत नाही. तो उंची मोजण्याचा आधार आहे. दंतकथा बाजूला ठेवली तरी त्याचे मोल कमी होत नाही. नागपूरहून फुटणाऱ्या रस्त्यांचा तो दगडी साक्षीदार आहे.

१८/
आणि रस्ते हाही वारसाच. १८५४ मध्ये डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले, १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन होऊन नागपूर त्याची राजधानी झाली, १८६७ मध्ये मुंबईहून येणारी रेल्वे सीताबर्डीच्या पायथ्याशी पोहोचली. टेकडीच्या पश्चिमेला रुंद रस्ते, दुतर्फा झाडे आणि आवारात खोल बसलेले बंगले अशी सिव्हिल लाइन्स आकाराला आली. अंबाझरी, तेलंगखेडी, सेमिनरी हिल्सकडे जाणारे सावलीचे मार्ग आज नागपूरकर अभिमानाने दाखवतात. पण ही सावली आरंभी सर्वांसाठी नव्हती, हे विसरता कामा नये.

१९/
त्याची परीक्षा १९२३ मध्ये झाली. राष्ट्रध्वज घेऊन शहरातून सिव्हिल लाइन्समध्ये जाण्यास मनाई होती. १ मे १९२३ रोजी नागपूरचा झेंडा सत्याग्रह सुरू झाला. नेतृत्व जमनालाल बजाज यांचे. त्यांच्या अटकेनंतर वल्लभभाई पटेल आले. रोज स्वयंसेवकांची तुकडी निघायची, हद्दीवर अडवली जायची, तुरुंगात जायची. देशभरातून आलेले हजाराहून अधिक लोक असे बंदिवासात गेले. १८ ऑगस्टला ध्वजासह मिरवणूक त्या निषिद्ध रस्त्यावरून गेली. येथे मागणी होती एका रस्त्यावरून चालण्याची. तो रस्ता हेच त्या लढ्याचे स्मारक.

२०/
आणखी एक तारीख: २३ नोव्हेंबर १९९४. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन सुरू होते. अनुसूचित जमातीच्या सवलतींसाठी गोवारी समाजाचा प्रचंड मोर्चा विधानभवनाकडे निघाला आणि मॉरिस कॉलेज टी-पॉइंटच्या परिसरात अडवला गेला. सायंकाळी चेंगराचेंगरी झाली. ११४ माणसे मेली, त्यांत स्त्रिया आणि मुले मोठ्या संख्येने. झिरो माईलजवळ त्यांचे स्मारक उभे आहे. जवळच्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहिदांचे नाव आहे. दरवर्षी त्या तारखेला गावोगावचे गोवारी बांधव येथे येऊन माथा टेकतात.

२१/
१८१७ ची लढाई २६ आणि २७ नोव्हेंबरची, गोवारींचे मरण २३ नोव्हेंबरचे. मध्ये १७७ वर्षे आणि काही पावलांचे अंतर. दोन्ही वेळी संघर्ष एकाच चिंचोळ्या जागी झाला, कारण शहरातून सत्तेच्या दाराकडे जाणारी वाट येथूनच जाते. जेन्किन्सच्या फौजेला हीच वाट रोखायची होती. १९२३ चे शासन हीच वाट रोखत होते. १९९४ चा मोर्चा येथेच थांबवला गेला. म्हणूनच सीताबर्डीला मी वेस म्हटले. तिला कमान नाही, पण अडवणूक आहे.

२२/
आता कायद्याची बाजू. महाराष्ट्रात पुरातन वास्तूंचे रक्षण करणारे केंद्राचे व राज्याचे कायदे आहेत, आणि शहरांच्या विकास नियंत्रण नियमावलीत वारसा वास्तूंच्या श्रेणी आहेत. नागपूरलाही वारसा यादी व वारसा संवर्धन समिती आहे. परंतु यादीची रीत वास्तू मोजण्याची: अमुक वाडा, तमुक दरवाजा, तमुक चर्च. वाट मोजण्याची सोय तिच्यात फारशी नाही. सीताबर्डीत मात्र अर्थ वास्तूंच्या मधल्या अंतरात आहे. गांधीगेट वाचले, झिरो माईल वाचले, पण त्यांना जोडणारी वाट ओळखू येईनाशी झाली, तर उरतील ते सुटे दगड.

२३/
झाडांच्या बाबतीत कायद्याने एक पाऊल टाकले आहे. महाराष्ट्राच्या नागरी क्षेत्रातील १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली आणि पन्नास वा अधिक वर्षे वयाच्या झाडाला ‘वारसा वृक्ष’ ही संज्ञा मिळाली. झाड तोडावेच लागले, तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट आली. याच काळात अजनीच्या वृक्षराजीसाठी नागपूरकर रस्त्यावर उतरले होते, हे अनेकांना आठवत असेल. सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यांवरील जुन्या झाडांची रस्तानिहाय नोंद झाली, तर एखादा संपूर्ण रस्ता वारसा म्हणून मांडण्याचा पाया त्यातून तयार होईल.

२४/
कबरींच्या बाबतीत परिस्थिती अधिक अवघड. दोन महायुद्धांतील मृतांची देखभाल १९१७ साली स्थापन झालेली राष्ट्रकुल युद्धसमाधी संस्था करते. पुण्याजवळील खडकीचे युद्धस्मशान म्हणूनच इतके नीटनेटके दिसते. १८१७ चे मृत त्या कक्षेत येत नाहीत. दक्षिण आशियातील युरोपीय स्मशानांसाठी ब्रिटनमध्ये १९७६ साली एक संस्था स्थापन झाली व कोलकात्याच्या साउथ पार्क स्ट्रीट स्मशानाच्या डागडुजीत तिचा हातभार लागला. पण कामठीसारख्या, १८२१ पासूनच्या छावणीच्या गावातील जुन्या थडग्यांची काळजी अखेर स्थानिकांनाच घ्यावी लागणार.

२५/
स्थानिकांना ते जमते का? शेजारच्या चंद्रपुराकडे पाहा. तेथे गोंडकालीन परकोट अजून उभा आहे. जटपुरा, अंचलेश्वर, बिनबा आणि पठाणपुरा ही त्याची चार मोठी द्वारे. अंचलेश्वर द्वाराजवळच राणी हिराई हिने बांधवलेली वीरशहाची समाधी. तटावर झुडपे माजली होती, कचरा साचला होता. २०१७ पासून ‘इको-प्रो’ या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी दिवसामागून दिवस श्रमदान करून तो मोकळा केला. मग लोक तटावरून फिरू लागले. वेस, तट आणि समाधी ही एकत्र पाहण्याची वस्तू आहे, हे चंद्रपुरात पायांनी कळते.

२६/
येथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे: इंग्रजांची थडगी आपण का जपावीत? ज्यांनी राज्य बुडवले, त्यांच्या मृतांवर आपला पैसा का?

याचे उत्तर त्या थडग्यांतच आहे. सीताबर्डीवर कंपनीच्या बाजूने मेलेले बहुतेक जण इंग्रज नव्हतेच. ते तामिळ-तेलुगू मुलखातले शिपाई होते. नावे कोरली गेली ती अधिकाऱ्यांची. अप्पासाहेबांच्या बाजूने लढताना पडलेल्यांना तर दगडही मिळाला नाही. हा असमतोल डोळ्यांना दिसतो तो तेथे उभे राहिल्यावर. दगड काढून टाकले, तर अन्यायाचा पुरावाही जाईल.

२७/
शिवाय जपणे म्हणजे गौरव करणे नव्हे. गांधीगेट जपताना आपण चांद सुलतानाच्या राज्यात परत जात नाही. नवगज अली बाबांच्या कबरीवर माथा टेकणारा आणि शेजारच्या अधिकाऱ्याच्या कबरीवरील अक्षरे वाचणारा नागपूरकर एकच असू शकतो. प्रश्न फलकावर काय लिहायचे, हा आहे. आज बहुतेक ठिकाणी एक तर फलक नाही, किंवा आहे तो एकाच बाजूचा.

२८/
मग करता येण्याजोगे काय? इतिहासाचा विद्यार्थी म्हणून चार गोष्टी सुचवतो.

एक: किल्ल्यातील सर्व कबरींची छायाचित्रांसह नोंद. शिलालेखांची अक्षरे पावसाने झिजतात. नोंद झाली तर मजकूर तरी उरेल.
दोन: सैन्याच्या संमतीने किल्ला वर्षातून आणखी काही दिवस खुला व्हावा, निदान २६ आणि २७ नोव्हेंबरला.
तीन: गांधीगेट ते गांधीसागर, सीताबर्डी, गोवारी स्मारक, झिरो माईल आणि सिव्हिल लाइन्स असा पायी चालण्याचा मार्ग आखून त्यावर मराठी, हिंदी, गोंडी व इंग्रजी फलक.
चार: या मार्गावरील जुन्या झाडांची वारसा वृक्ष म्हणून नोंद.

२९/
यांतील पहिल्या आणि चौथ्या कामाला मोठा निधी लागत नाही. महाविद्यालयांच्या इतिहास व वनस्पतिशास्त्र विभागांनी मनावर घेतले, तर दोन उन्हाळ्यांत ती होतील. तिसऱ्यासाठी महापालिका लागेल, दुसऱ्यासाठी संरक्षण खाते. म्हणजे अर्धे काम परवानगीवाचूनच सुरू होऊ शकते.

३०/
कस्तुरचंद पार्कच्या मैदानात काही वर्षांपूर्वी खोदकामात जुन्या तोफा निघाल्या, तेव्हा शहर क्षणभर चकित झाले होते. वास्तविक चकित होण्यासारखे काही नव्हते. त्या टेकडीच्या पायथ्याशी कधीकाळी लढाई झाली, हे पुस्तकांत होतेच. जमिनीखाली अजून काय आहे ते माहीत नाही. जमिनीवर काय आहे, ते मात्र माहीत आहे, आणि नव्या पुलांच्या व मार्गिकांच्या आराखड्यांत दर वर्षी त्यातले थोडे थोडे कमी होत आहे.

३१/
येत्या २६ जानेवारीला, १ मेला वा १५ ऑगस्टला सवड असेल तर किल्ल्यावर जाऊन या. सोबत घरातली एखादी वयस्क व्यक्ती आणि एखादे लहान मूल असावे. उतरताना गोवारी स्मारकाशी दोन मिनिटे थांबा आणि तिथली माणसे कोण होती, हे त्या मुलाला सांगा.

आपल्या गावातील वेस, जुने स्मशान किंवा झाडांचा रस्ता यांविषयी काही माहिती वा जुने छायाचित्र असेल, तर खाली जरूर नोंदवा. विदर्भातील नोंदी एकत्र करण्याचा मानस आहे.
#विदर्भाचाइतिहास